मुठीखालचं नाव

योसाएमोननं तलवारीच्या मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ अलगद ओढून घेतली. समोर कुनिएदा सरदार बसले होते. वीतभर कापायची, ते म्हणाले. घोड्यावरून लढायचे दिवस गेले, पायी चालताना ही जमिनीला घासते.

तलवार मुठीकडून कापतात. म्हणजे मुठीत लपणारा भाग जाणार आणि त्यावर कोरलेलं घडवणाऱ्याचं नावही. नाव हारुतोमोचं होतं, योसाएमोनच्या मूळपुरुषाचं. ओसाफुने गावात या घराला मान होता तो त्याच्यामुळेच. त्याच्या दोनच तलवारी उरल्या होत्या, दोन्ही देवळात. ही तिसरी.

त्यानं पातं उजेडाकडे धरलं. धारेच्या वर, पोलादाच्या आत, सकाळी नदीवर असतं तसं फिकट धुकं पसरलं होतं. त्या धुक्यापायी त्यानं वीस वर्षं भट्टीसमोर हाडं भाजून घेतली होती. गावात आता कुणालाच ते साधत नव्हतं. देवळातल्या दोन्ही तलवारींनी हिच्यापुढे पाणी भरावं. त्याचे डोळे भरून आले.

सरदार मनाचे मोठे. नावाचा तुकडा पातळ करून नव्या मुठीखाली उलटा दुमडून बसव, म्हणाले, तुझ्या घराची खूण राहील. योसाएमोननं वाकून आभार मानले आणि नाव नीट पाहायला तो खिडकीशी गेला.

गंजाखाली, मूठ घसरू नये म्हणून मारलेले कानशीचे ओरखडे डावीकडे उतरत होते. त्याच्या घराण्यात ते उजवीकडेच उतरायचे. अक्षरांतही छिन्नी उलट्या अंगानं चालली होती. हा डावऱ्या माणसाचा हात होता.

हारुतोमोचा धाकटा भाऊ डावरा होता. त्याचं नावसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. डाव्या हातानं जेवणाऱ्या पोराला मात्र अजून ऐकवत, त्या डावऱ्यासारखा जन्मभर भट्टीचा भाताच ओढत बसशील. योसाएमोननं स्वतःच्या मुलीलाही हेच ऐकवलं होतं.

त्या भाता ओढणाऱ्यानं हे पातं घडवलं होतं, आणि वर भावाचं नाव आपल्या हातानं कोरलं होतं. योसाएमोननं पात्यासमोर कपाळ चटईला टेकवलं.

"नाव ठेवायला नको, सरकार. ते या तलवारीचं नाही."

"म्हणजे खोटी निघाली?"

"तलवार खरी आहे. इतकी खरी मी दुसरी पाहिली नाही."

"मग तुझ्या घराचं काय उरणार?"

योसाएमोननं दोन्ही हातांनी पातं त्यांच्यापुढे धरलं. सरदारांनी थोडा विचार केला आणि होकारार्थी मान हलवली. योसाएमोननं नावाचा तुकडा तोडला, मग कानस डाव्या हातात घेऊन नवी मूठजागा घासायला बसला. हात वळेना, बोटं सोलवटली. काम उरकायला तीन दिवस लागले.

सरदारांनी डावीकडे उतरणाऱ्या नव्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"तुमच्या घरची कानस उजवीकडे उतरते म्हणतात."

"आमच्या घरची अशीही उतरते, सरकार," योसाएमोन म्हणाला.