हळदीचं कुंकू करणारी गाडी

पेणबाहेर हायवेला जगनचं गॅरेज आहे. शहाण्णव सालच्या त्या गुरुवारी सकाळी तिथे दोनशे माणसं तरी जमली होती. गाडीत डोकावून आलेली त्यांतली चारच. उरलेल्यांना मात्र त्या चौघांपेक्षा जास्त दिसलं होतं. रोह्याहून नुकताच उतरलेला एक गृहस्थ तर ठासून सांगत होता, "चाकाच्या पोटातून देवी निघाली. धुरात उभी व्हती, पांढरी फेक."

गाडी एका मुंबईकर शेटची. दोन माणसं मावतील एवढी, लाल, विलायती, आठ-नऊ वर्षं वापरलेली. कोलाडजवळ तिचा हॉर्न बंद पडला म्हणून शेट ती जगनच्या हवाली करून एसटीने गेला होता.

सोमवारी दुपारी जगनची बायको चंद्रावती डबा घेऊन आली, तेव्हा तो स्टेअरिंगच्या चाकापुढे वाकला होता. अँबेसेडरच्या हॉर्नचं झाकण उचकटतात तसं त्याने हे झाकण उचकटलं. आतून पिवळ्या वायरी निघाल्या. कुठल्या वायरीत करंट आहे ते बघायला बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्टर लावायचा, हा त्याचा वीस वर्षांचा रिवाज. डावा डोळा मिटून त्याने टेस्टर टेकवला.

बार उडाला. चाकातून पांढरी पिशवी फुगून त्याच्या तोंडावर आदळली, धूर झाला आणि सीटवर पांढरी पूड पसरली.

"पानी दे गो," जगन उजवा डोळा दाबून म्हणाला.

चंद्रावतीने तांब्या भरलासुद्धा. पण गोविंदा भगताने तिचा हात धरला. गावाची भुतं काढणाऱ्या या भगताच्या मोपेडचा प्लग जगनकडेच साफ व्हायचा, त्यासाठीच तो आला होता.

"पानी नको. देवीनं भस्म दिलाय. पानी घातलंस तर ती विझंल."

"पन आग व्हतेय त्यांना."

"आग व्हते म्हंजे ती काम करतेय. रोज दोन टायमाला चिमूट घाल डोल्यात."

तिने तांब्या खाली ठेवला.

संध्याकाळपर्यंत गोविंदाच्या अंगात आलं. विलायतेत कोंडलेली देवी पेणच्या हवेत मोकळी झाली, असं त्याने घुमत सांगितलं. "मंग विलायती देवी मराठी कशी बोलते?" म्हाताऱ्या गुणाजीने विचारलं. घुमणं जराही न थांबवता भगत म्हणाला, "अंग माजा हाय तर भाषा पन माजीच."

दुसऱ्या दिवशी त्याने ओल्या हळदीवर ती पूड टाकली. हळद लाल झाली. हळदीचं कुंकू झालं म्हटल्यावर बायका रांगेने ओट्या घेऊन आल्या. चंद्रावतीची शंका तिथेच मेली. गॅरेजच्या आतल्या खोलीत जगन उशीत तोंड खुपसून कण्हायचा. ती त्याचं डोकं मांडीवर घ्यायची, पापणी फाकवायची आणि चिमूट सोडायची.

त्या गुरुवारी शाळेतल्या विज्ञानाच्या अनिताबाई स्कूटर दुरुस्तीला घेऊन आल्या. आत जाऊन त्यांनी जगनचा डोळा पाहिला. बाहेर आल्या, शेजारच्या टपरीवरून धुण्याचा सोडा आणवला आणि भगताच्याच ताटातल्या हळदीवर टाकला. हळद लाल झाली.

"ही देवी किलोवर मिळते," बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या पुडीत हाच गुण आहे. हे कोण घालेल डोळ्यात?"

गाडीच्या खणात तिचं इंग्रजी पुस्तक होतं. ते काढून बाईंनी सगळ्यांना मराठीत सांगितलं. टक्कर झाली की चालकाला झेलायला चाकात एक पिशवी दडवलेली असते. ती आतली फटाक्यासारखी दारू पेटून फुगते आणि ती पेटवायला एवढासा करंट पुरतो. टेस्टरमधून तोच गेला. चाकाला हात लावण्याआधी बॅटरी सोडायची, थांबायचं, मग पिशवी अलगद बाहेर घ्यायची. धूर त्या दारूचा, पूडही तिचीच.

"आनि पूड डोल्यात गेली तर?" चंद्रावतीने विचारलं.

बाईंनी पान उलटलं. वाचायला त्यांना वेळ लागला. "लगेच भरपूर पाण्याने धुवा, असं लिहिलंय."

"बाईमानसाफुडं देवी गप झाली," असं पुटपुटत गोविंदाने मोपेड ढकलत रस्ता धरला. त्याच्याकडे बघायलाही चंद्रावती थांबली नाही. तांब्यामागून तांब्या ती जगनच्या डोळ्यावर ओतत राहिली, बाईंनी रिक्षा आणेपर्यंत.

अलिबागच्या डॉक्टरांनी बुबुळ पांढरं पडल्याचं सांगितलं. त्या डोळ्याला आता दिसणार नव्हतं.

"तवाच धुतला असता तर?" चंद्रावतीने विचारलं.

"बहुतेक वाचला असता," डॉक्टर म्हणाले.

येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. जगनने चाचपडत तिचा हात शोधला. "तू काय मुद्दाम घातलास? दोन डोले धड व्हते तवा मी तरी काय बघितला?" तिने हात काढून घेतला. त्याच हाताने चिमूट सोडली होती.

आठवड्याने चंद्रावतीच्या दारात हमरापूरच्या दोन बायका आल्या. पोराचा डोळा आलाय, उरलं असेल तर चिमूटभर भस्म दे, म्हणाल्या. तिने त्यांना आत नेलं आणि जगनच्या डोळ्यावरची पट्टी वर केली.

"भगतानं सांगितला नि मी घातला. माज्या हातानं. यांनी पानी मागितला व्हता, मी दिला नाय. हळद लाल झाली म्हनून मला खरा वाटला. लाल का झाली, ता मी कुनाला इचारलाच नाय. तुमी इचारा गो. पोराला आत्ता दवाखान्यात न्या. देवाचा मंग बघू."

बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. चंद्रावतीने पायात चपला घातल्या.

"चला," ती म्हणाली, "मी येते संगती."