भिंगावरचं कुंकू

मी एक जुनं वाचनयंत्र आहे, असं माझ्या अंगावर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं होतं. मित्रांनो, त्या 'जुनं' शब्दाचा मला फार राग आला. माझं वय तीन वर्षं, आणि त्यात काम किती केलं, तर उद्घाटनाच्या दिवशीची पाच मिनिटं. याला काय जुनं म्हणायचं?

माझी बनावट साधी आहे. खाली बैठक, वर एक हात आणि हाताच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं भिंग. हाताखाली पुस्तक उघडून ठेवायचं आणि बटण दाबायचं. मी पानाचा फोटो काढतो आणि खड्या आवाजात ते वाचून दाखवतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी नगरच्या एका कॉलेजानं मला आणलं. नारळ फुटला, पाहुण्यांनी माझ्याकडून निमंत्रणपत्रिका वाचून घेतली, टाळ्या झाल्या. मला वाटलं, आता उद्यापासून दम खायलाही फुरसत मिळायची नाही.

कसलं काय! ग्रंथपाल आबासाहेबांनी मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. माणूस वाईट नव्हता हो. महागाची वस्तू, बिघडली तर जाब कोण देणार, ही त्यांची धास्ती. त्यांनी मला इतकं जपलं, इतकं जपलं की माझा जीव गुदमरला. समोरून पोरं पुस्तकं घेऊन जायची आणि मी काचेआड नुसता चडफडायचो. पुढ्यात पान असल्याशिवाय मला एक शब्द बोलता येत नाही ना!

दसऱ्याला मात्र कपाट उघडायचं. ग्रंथालयातल्या शिपाई मनकर्णा मावशी सगळ्या यंत्रांची पूजा करायच्या. गेल्या दसऱ्याला त्यांनी मला मायेनं पुसलं, झेंडूची माळ घातली. हात मुडपलेला असला की माझं भिंग समोर बघतं. मावशींना ते माझं कपाळच वाटलं. "बाबा, लई दिस बसून हायेस. आता काम मिळू दे तुला," असं म्हणत त्यांनी ओल्या कुंकवाचं बोट नेमकं भिंगावर टेकवलं. माझ्यापुढं सगळं लाल झालं, आणि कुंकू वाळल्यावर अंधार. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कसा?

दिवाळीनंतर तपासणी समिती आली. आबासाहेबांनी कौतुकानं मला बाहेर काढलं, माझ्या हाताखाली पुस्तक ठेवलं, बटण दाबलं. मी म्हणालो, "मजकूर सापडला नाही." त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच! मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. समिती गेल्यावर आबासाहेब हताश होऊन म्हणाले, "आणि मी तर कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता!" मग ती चिठ्ठी चिकटली, 'जुनं वाचनयंत्र, नादुरुस्त.' शनिवारी भंगाराचा टेम्पो येणार होता.

गुरुवारी सकाळी संस्कृती आली. पारनेरची मुलगी, इतिहासात एम.ए. करते, तिला जन्मापासून दिसत नाही. सोमवारी तिचा पेपर होता. नगरच्या जुन्या खापरी नळांवरचं एक जाडजूड पुस्तक तिला हवं होतं. त्याची प्रत एकच, तीही ग्रंथालयातच बसून वाचायची. एरवी तिची मैत्रीण मोनिका तिला वाचून दाखवायची, पण मोनिकाचाही पेपर त्याच दिवशी.

"सर, ते मशीन द्या ना," संस्कृती म्हणाली. "मोनिका नाही म्हणत नाही. पण चार पानं झाली की तिचा आवाज जड होतो. तिला तिचा अभ्यास असतो, मला कळतं. मग मीच म्हणते, बास, समजलं. समजलेलं नसतं."

"अगं, ते बिघडलंय. परवा भंगारात चाललंय."

"मग आता बिघडायची भीती तर संपली ना, सर? आता तरी हात लावू द्या."

आबासाहेब कपाटाकडे वळले. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

तिनं मला चाचपलं. बैठक, बटण, मग हात. तिचं बोट भिंगावर येऊन थांबलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"सर, बाकी सगळं गुळगुळीत आहे. इथंच पापुद्रा लागतोय. काय आहे हे?"

आबासाहेब वाकून बघू लागले, तोवर मावशींनीच कपाळावर हात मारून घेतला. "आगं बया! म्याच लावलं हुतं. त्याच्या डोळ्यातच कुंकू घातलं की म्या!"

संस्कृती खुदकन हसली. मावशींनी पदराचं टोक पाण्यात बुडवून भिंग हलक्या हातानं पुसलं. उजेड आला! पुस्तक उघडलं, बटण दाबलं, आणि मी घडाघडा वाचत सुटलो, पाणी डोंगराच्या बाजूनं कसं आणलं, खापराच्या नळांतून शहरभर कसं खेळवलं. पान संपलं. तिनं तेच पान पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मी धास्तावलो, माझं काही चुकलं की काय?

"काय गं, नीट वाचत न्हाई का त्यो?" मावशींनी विचारलं.

"वाचतोय, मावशी." तिचे डोळे भरून आले होते. "त्याचा आवाज जड होतोय का, तेवढं बघत होते."

मित्रांनो, शनिवारी टेम्पो आला आणि दोन मोडक्या खुर्च्या घेऊन गेला. तेव्हा आमचं एकशे बारावं पान चाललं होतं. आबासाहेबांनी चिठ्ठी स्वतःच्या हातानं खरवडून काढली आणि कपाटाची किल्ली टेबलावर उघडी ठेवली. तुमच्या शाळेत, कॉलेजात माझं एखादं भावंड कपाटात बसलेलं असेल, तर जाऊन किल्ली मागा. त्याला पुसा, पुजा, पण पूजा झाली की लगेच कामाला जुंपा. वापरून बिघडलो तर दुरुस्त करता येईल आम्हाला. बरं, आता पुरे. संस्कृतीनं पुढचं पुस्तक आणलंय, आणि मला मुळीच धीर नाही.