सगळ्या होड्या आत
दुपारी सव्वातीनला अक्षयानं वायरलेसवरून सांगून टाकलं, "बाबूदादा, सगळ्या होड्या आत हायत. लाँच बांधा नि घरी जावा." नाटे बंदरात वारा उठला की बाबू मच्छीमार सोसायटीची मदतीची लाँच इंजिन चालू ठेवून धक्क्याला उभी करतो आणि वायरलेसच्या खोलीतून निरोप आल्याशिवाय हलत नाही. आज निरोप द्यायला हरकत नव्हती. समोर पडद्यावर बाराच्या बारा होड्या खाडीत नांगरलेल्या दिसत होत्या, त्यात तिच्या वडिलांची, धोंडू तांडेलांची 'गंगुबाई'सुद्धा होती.

हा प्रोग्रॅम महिन्याभरापूर्वीचा. जुना याच कॉम्प्युटरवर बसवलेला होता आणि छपरावरच्या अँटेनाकडून केबलनं थेट माहिती घ्यायचा. नुसत्या करड्या ओळी, रेशनकार्डासारखा दिसायचा. चेअरमनसाहेबांना तो बघवत नव्हता. मग रत्नागिरीहून गुरुप्रसाद आला आणि रंगीत नकाशावाला बसवून गेला. "खिडकी तशीच दिसते ताई, पण आत वेबसाइट आहे," तो म्हणाला. म्हणजे माहिती आधी नेटवरून कंपनीकडे जाणार आणि तिथून परत येणार. चेअरमनसाहेब लांज्याला सासुरवाडीत जेवताना मोबाइलवर होड्या दाखवू लागले आणि धन्य झाले.

वायरलेस गप्प होता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. इथले खलाशी पाण्यावर असताना 'पोचलो' म्हणत नाहीत. पाय जमिनीला लागेपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही, असा बापजाद्यांचा रिवाज.

चहा ओतता ओतता तिची नजर 'सावित्री'वर गेली. सावित्री पडद्यावर खाडीत डुलत होती. आणि आज सकाळीच अक्षया तिच्या बाजूनं चालत आली होती, तेव्हा होडी वाळूवर ओढून ठेवलेली, तळाला डांबर लावणं चाललेलं.

ती पडद्याजवळ वाकली. खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरात कालची तारीख होती. मघाशी नकाशा अडकला म्हणून तिनं खिडकी बंद करून उघडली होती. नेट तेव्हाच गेलेलं, आणि या शहाण्या प्रोग्रॅमनं मुकाट्यानं कालचं साठवलेलं चित्र पुढं केलं होतं.

बाबा आत आहेत की नाहीत, तिला ठाऊक नव्हतं, आणि लाँच तिनंच घालवली होती.

जुना प्रोग्रॅम काढून टाका, असं गुरुप्रसाद बजावून गेला होता. तिनं आळसानं काढला नव्हता. तो उघडून तिनं कपाटामागची अँटेनाची केबल ओढली. वाकून पिन कॉम्प्युटरच्या मागं खोचली. ती सरळ उभी राहीपर्यंत करड्या ओळी आल्यासुद्धा. दहा होड्या आत. सावित्री बंद. 'गंगुबाई' खाडीच्या तोंडाबाहेर, इंजिनाचा जोर नाही, वाऱ्यानं खडपांकडे, किनाऱ्याच्या खडकांकडे, सरकतेय.

"बाबा, आयकताव काय? बाबा?" वायरलेसवर नुसती खरखर. बाबूचा फोन लागेना. होडीच्या जागेचे आकडे तळहातावर लिहून ती पायऱ्या उतरली आणि पावसात धावत सुटली. बाबू घराच्या वळणापर्यंत गेला होता.

"माजी चूक झाली, बाबूदादा. बाबा भायेर हायत." तिनं हात पुढं केला. शाई ओघळत होती, पण वाचता येत होती. बाबूनं आकडे वाचले नि तो धक्क्याकडे धावला.

पुढचा पाऊण तास ती त्या करड्या ओळींपुढं बसून होती. आकडा बदलला की खडपं जवळ यायची. आपण आपल्या बापाला मारलं, असं तिच्या मनात आलं आणि मग ते जाईना. शेवटी लाँचची ओळ गंगुबाईच्या ओळीला भिडली. दोन्ही आकडे तिथंच थांबले, बराच वेळ. मग दोन्ही मिळून आत सरकू लागले.

धोंडू तांडेल निथळत पायऱ्या चढून आले. दारात उभे राहून म्हणाले, "पोचलो." इंजिनात पाणी शिरलं होतं, वायरलेसची बॅटरीही भिजली होती. अक्षया खुर्चीतच रडत राहिली.

त्यांचं लक्ष पडद्यावर गेलं. नव्याची खिडकी बाजूला अजून उघडी होती, निळीशार खाडी आणि बारा होड्या. त्यांनी आपली होडी शोधून तिच्यावर ओलं बोट ठेवलं.

"आणि ह्या काय गो?" ते म्हणाले. "मी तर मेलो असतो तरी हयसरच दिसलो असतो."