तिसऱ्या डावातला चेंडू

रविवारी दुपारी वेस्ट फोर्कच्या मैदानावर जोलीन ब्रँट नेहमीच्या जागी बसली होती. पहिली रांग, यजमान खेळाडूंच्या बाकड्याला लागून. वय अकरा, मांडीवर गुणवही, हातात पेन्सिल. शेजारी तिचे वडील व्हर्न. बेसबॉलचे गुण लिहायला त्यांनीच तिला शिकवलं होतं आणि एकच नियम घातला होता: डोळ्यांना दिसेल ते लिहायचं, फलक काय म्हणतो ते नाही.

तिसऱ्या डावात पाहुण्यांच्या फलंदाजाने मारलेला चेंडू वेस्ट फोर्कचा क्षेत्ररक्षक रेमी याच्या हातमोज्याला चाटून गेला आणि फलंदाज धावत पहिल्या बेसवर पोचला. चेंडू इतक्या वेगात आला होता की तो कुणालाच अडवता आला नसता. जोलीनने 'हिट' लिहिलं, म्हणजे फलंदाजाने आपल्या फटक्याने मिळवलेला बेस. मिनिटभराने वर बसलेल्या अधिकृत गुणलेखकाचा निर्णय फलकावर आला: क्षेत्ररक्षकाची चूक. हिट शून्य.

सहाव्या डावानंतर मैदान गप्प होत गेलं. वेस्ट फोर्कचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डेल कोवालिक याने अजून एकही हिट दिली नव्हती, निदान फलकाच्या म्हणण्याप्रमाणे. एकही हिट न देता सामना संपवणं हा दुर्मीळ पराक्रम, आणि तो घडत असताना पिचरशी कुणी बोलत नाही, त्याच्याजवळ बसत नाही आणि त्या गोष्टीचं नाव तर काढतच नाही. काढलं की ती बिघडते, अशी खेळातली समजूत.

सातवा डाव संपल्यावर कोवालिक बाकड्याच्या टोकाला एकटाच बसला. मग उठून कठड्याशी आला.

"काय गं, वहीवाली तूच ना? दर सामन्याला दिसतेस."

जोलीनने मान हलवली.

"बघू जरा वही. तिसरा डाव."

वही दाखवली की सगळंच दिसणार होतं. जोलीनने ती छातीशी धरली.

"आत्ता नाही. सामना संपल्यावर."

"चला, एवढं तरी बोललीस. आमच्या मॅनेजरने तासभर माझ्याकडे बघितलंही नाही."

तो परत जाऊन बसला. मागच्या रांगेतल्या मिसेस ओल्सन पुढे वाकल्या.

"बोललीस त्याच्याशी! आता बिघडलं तर तुझ्यामुळे."

"मी फक्त 'आत्ता नाही' म्हणाले."

"तेही बोलणंच की, बाई." त्यांची नजर वहीवर गेली. "आणि हे काय लिहून ठेवलंयस? खोड आधी. त्याला बघायचीय ना वही?"

जोलीनला त्याची सही हवी होती. जूनपासून हवी होती. तिने पेन्सिल उलटी धरली, मागचं रबर कागदाला टेकवलं.

"बाबा, खोडू?"

"तुला काय दिसलं होतं?"

"हिट."

"मग मला कशाला विचारतेस?"

तिने पेन्सिल सुलटी केली.

नवव्या डावात शेवटचा फलंदाज उंच झेल देऊन बाद झाला. खेळाडू कोवालिकवर तुटून पडले. त्यांच्यातून सुटून, टोपी हरवलेली, तो कठड्याशी आला.

"संपला सामना. आण."

तिने वही दिली. त्याचं बोट तिसऱ्या डावावर थांबलं.

"फलक वाचता येतो ना तुला?"

"येतो. पण मला हिट दिसली."

तो कठड्यावर वाकला. मग हळू आवाजात म्हणाला, "मलाही. कुणाला तरी विचारायचं होतं, पण सगळे माझ्यापासून दहा हात लांब."

त्याने तिचीच पेन्सिल घेतली आणि त्या चौकटीच्या खाली सही केली. "खोडू नकोस. आणि त्या मागच्या बाईंना दाखवू नकोस, मला अजून या गावात राहायचंय."

मग वळून ओरडला, "रेमी, तिसऱ्या डावात तुझी चूक नव्हती रे!"

"मग वर जाऊन सांग की त्या गुण लिहिणाऱ्याला!" रेमी म्हणाला.

"सांगतो."

सोमवारी सकाळी जोलीनने पेपर उघडला. वेस्ट फोर्क चार, पाहुणे शून्य. पाहुण्यांच्या हिट शून्य. रेमीच्या नावापुढे अजूनही चूक एक.