मीटर बघून पोट आत घेणारा कारखाना

प्लॅस्टिकच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात बसायला कुणालाच वेळ नव्हता. फ्यूजला तर मुळीच नाही. फ्यूज म्हणजे तिथला नवा इलेक्ट्रिकल इंजिनीअर. काही झालं की सगळ्यांआधी हाच उडायचा, म्हणून हे नाव. त्याला तिथे चिकटवलं होतं दाजींनी, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने. दाजी कारखान्याचे मॅनेजर.

नव्या शेडमध्ये मशिनं येऊन पडली होती. संध्याकाळी मालक बटण दाबणार होते. जुना ट्रान्सफॉर्मर हा वाढीव भार पेलेल, अशी त्याआधी फ्यूजची सही हवी होती. नाही पेलला तर आतलं तेल पेटणार, आणि भिंतीपलीकडे पॅकिंगची माणसं.

सकाळपासून तो मीटर घेऊन भिरभिरत होता. आकडे इतके किरकोळ येत होते, की कारखाना चालतोय की डुलक्या काढतोय, कळेना. मग उलगडा झाला. पाहुणे दारात दिसल्यावर घर आवरावं, तशी मीटर दिसताच प्रत्येक विभागात निम्मी मशिनं बंद व्हायची. खादाड म्हणून आपलं नाव नको! मोल्डिंगच्या मुकादमाने तर पंखाही बंद केला आणि घाम पुसत म्हणाला, "आमचं खाणं फार कमी हो, साहेब."

"अहो, मी वीज मोजायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही!"

शेवटी फ्यूजने मीटर बिघडल्याची आवई उठवली आणि मुख्य पॅनेलमागे दबा धरून बसला. बघता बघता कारखान्याने रोखलेला श्वास सोडला. आकडा चढत चढत नऊशेवर गेला. ट्रान्सफॉर्मर पेलणार हजार, नवी मशिनं खाणार आणखी तीनशे. ही बेरीज करायला इंजिनीअर लागत नाही, घाबरायला लागतो.

तो धावतच दाजींच्या केबिनमध्ये शिरला.

"हा आकडा धरता येणार नाही," दाजी शांतपणे म्हणाले.

"का?"

"मीटर बिघडलाय. अख्ख्या कारखान्याला माहीत आहे. सकाळचे आकडे घे आणि सही कर."

फ्यूजने खोलीत तीन येरझाऱ्या घातल्या.

"करतो. फक्त मालक बटण दाबतील तेव्हा तुम्ही ट्रान्सफॉर्मरला टेकून उभे राहा."

"मी कशाला?"

"पेलणार आहे ना? मग टेका की."

दाजींनी खिडकीतून ट्रान्सफॉर्मरकडे पाहिलं. तो गुणगुणत होता. दाजींनी खुर्ची नकळत भिंतीपासून पुढे ओढली.

"मालकांना काय सांगू, गाढवा?"

"दुसरा ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत मशिनं शोभेची."

"ते सांगेन मी. माझी नोकरी गेली तर तुझ्या ताईला कोण सांगणार?"

फ्यूजने सही न केलेला कागद घडी करून खिशात घातला, आणि मशिनांच्या वायरी सोडवायला नव्या शेडकडे पळत सुटला.