पाटीवर रुचिकाचं नाव

मी उमापूरच्या महिला बचत गटाचा संगणक बोलतोय, आणि आज मला अजिबात गप्प बसवत नाही!

त्या दुपारी रुचिका न सांगता गेवराईहून आली. तिला वाटलं होतं, माझ्याभोवती बायकांची झुंबड असेल, कळफलकावर बोटं नाचत असतील. दिसलं ते वेगळंच. मी चालू, पण समोर सतरंजीवर बाया हात मांडीवर ठेवून बसलेल्या. माझ्या कपाळाला हळदकुंकू आणि पडद्यावर कुलपाची पाटी.

रुचिका बंगळूरला शिकलेली. गावाकडच्या बायांना जगाचे भाव कळले पाहिजेत, या ध्यासाने परतलेली. माझे सुटे भाग तिनेच जोडले, वाकळेत गुंडाळून काळ्यापिवळ्या जीपमधून मला इथे आणलं. गावात फोन नुकताच आला होता. त्या तारेवरून ती गेवराईत बसून माझ्यात शिरायची, कापसाचे ताजे भाव भरायची आणि पडद्यावरच्या खिडकीच्या फुलीवर टिचकी मारून जायची. तिला वाटे, आपण बाहेर पडलो. पण तिचं खातं माझ्यात उघडंच राही आणि माझ्या तोंडावर पाटी लागे, 'हा संगणक रुचिका वापरत आहेत.' भाव माझ्या पोटात आणि बाया बाहेर!

"मावशी, हात का नाही लावला?" तिने गटाच्या प्रमुख वच्छलाबाईंना विचारलं.

"तुमचं नाव हाय की वर. यष्टीत कुणी रुमाल टाकला तर त्या जागंवर आमी बसतो व्हय?"

"आमाला वाटलं, ताई आतच हायेत," सारजाबाई म्हणाल्या. "कामात माणसाला कशाला उठवायचं?"

तेवढ्यात सरपंच गहिनीनाथ दारात आले. "डबडं बंदच हाय की! उद्या सकाळी खताची पोती येतेत. पंचायतीची खोली मोकळी करा."

रुचिकाने झटकन पासवर्ड टाकला. "बघा, सुरू आहे!"

"तुमी हायेत म्हणून सुरू. तुमी गेल्यावर बायांनी काय पाटी वाचत बसायचं?"

तिचा चेहरा उतरला. मुक्काम तिने उमापुरातच केला.

सकाळी मात्र ती वाऱ्यासारखी आत आली. "मावशी, बसा खुर्चीवर. मी ठरवलंय. आजपासून मालकीण तुम्ही, मी पाहुणी!" तिने मुख्य खातं वच्छलाबाईंच्या नावाने केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुमचा पासवर्ड मलाही सांगू नका."

वच्छलाबाईंनी एका बोटाने, ओठ हलवत, एकेक अक्षर दाबलं. काय सांगू, माझा पंखा घुमायला लागला!

"आता मी तिकडून आधी विचारीन, आत येऊ का. तुम्ही 'होय' दाबलं तरच येईन आणि जाताना पुरती बाहेर पडेन."

"आन् म्या न्हाई दाबलं तर?"

"तर बाहेर थांबेन."

दारात सरपंच उभे होते, मागे पोतं घेतलेला गडी. वच्छलाबाईंनी मानही वळवली नाही. "ऐकलं का, सरपंच? ताईलाबी इचारून यावं लागतंय. तुमी पोत्यासगट कशाला शिरायलेत?"

बाया खदखदून हसल्या. गड्याने पोतं बाहेरच टेकवलं.

तर दुरून माझ्यासारख्यांत शिरणाऱ्यांनो, काम झालं की नीट बाहेर पडा. मागे कुणीतरी ताटकळत असतं. बरं, येतो. वच्छलाबाईंना कापसाचा भाव बघायचाय!