मी पडलो नव्हतो

मी लॅपटॉप बोलतोय. बीदरकडच्या औरादच्या भीमराजगुरुजींच्या घरातला, काळा, डाव्या बाजूनं मान मोडलेला. माझ्याविषयी कंपनी बोलली, वकील बोलले, ग्राहक मंचातले साहेबही बोलले. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. म्हणून आता मीच सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. झाकण उघडमीट व्हावं म्हणून मला दोन लोखंडी बिजागऱ्या बसवल्या. बिजागऱ्या दणकट होत्या, घट्टही होत्या. पण त्यांचे स्क्रू ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांत पिळले, त्या करंगळीच्या नखाएवढ्या! झाकण उचललं की सगळा ताण त्यांच्यावर यायचा. तिथं धातूची पट्टी लावली असती तर मी थोडा जाड झालो असतो. कंपनीला मी जाहिरातीत सडपातळ दिसायला हवा होतो.

२००९ साली, पावसाळा सरल्यावर, हैदराबादच्या दुकानातून मला रत्नपालनं घेतलं. रत्नपाल गुरुजींचा थोरला मुलगा. औराद-उदगीर रस्त्यावर जीप चालवायचा. पूर्वी फार प्यायचा. त्या वर्षीच्या भीमजयंतीला त्यानं दारू सोडली, ती सोडलीच. बसमध्ये त्यानं मला वरच्या फळीवर ठेवू दिलं नाही, मांडीवर घेऊन बसला. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय त्यात?" तर म्हणाला, "बहिणीची नोकरी हाय."

ते खरंच होतं. त्याची धाकटी बहीण प्रेरणा घरी बसून काम करायची. परदेशातले डॉक्टर आपल्या रोग्यांविषयी बोलून ठेवायचे आणि ते ऐकून प्रेरणा टाइप करायची. काम हैदराबादच्या एका ऑफिसातून यायचं. औरादला वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता, पण मी बॅटरीवर चालायचो. तिच्या मैत्रिणी पुण्याला, बेंगळुरूला गेल्या. प्रेरणा मात्र माझ्या जिवावर आईवडिलांजवळ राहिली.

तिची आई इंदिराबाई एकदा कानात इअरफोन घालून बसली आणि म्हणाली, "ह्यो डाक्टर घशात भाकर अडकल्यावाणी कामून बोलायलाय गं?" सगळं घर हसलं. रत्नपाल तर इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या घरातले माझे चांगले दिवस ते.

वर्ष व्हायच्या आतच माझी मान करकरायला लागली. आवाज बारीक होता. प्रेरणाला वाटलं, नवी वस्तू आहे, सैल होईल हळूहळू. आत एकेक खुंटी तडकत होती. एका संध्याकाळी ती चिंताकीहून मावशीकडून आली, हातपाय धुतले, दोन्ही हातांनी अलगद माझं झाकण उचललं, आणि कडाड् आवाज झाला. डावी बिजागरी कवच फोडून बाहेर आली. पडद्याकडे जाणारी वायर तुटली. पडदा काळा झाला.

वॉरंटी होती, म्हणून प्रेरणा निर्धास्त होती. मला घेऊन ती बसनं गुलबर्ग्याला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. काउंटरवरच्या माणसानं मला धड उलटवूनही पाहिलं नाही.

"पडलाय हा," तो म्हणाला. "वॉरंटीत बसत नाही."

"पडला न्हाई हो. मी उघडताना तुटला."

"तुमच्या हातून नसेल पडला. घरात कुणीतरी पाडून गुपचूप ठेवला असणार. असंच असतं, मॅडम."

मग त्यानं खर्च सांगितला. नुसती बिजागरी म्हणे बदलता येत नव्हती. झाकण, पडदा, वरचं कवच, सगळंच घ्यायचं. त्यात थोडी भर घातली असती तर नवा लॅपटॉप आला असता. प्रेरणा मला तसाच घेऊन परतली. पण त्या माणसाचं एक वाक्यही तिच्याबरोबर बसमध्ये चढलं. ती चिंताकीला गेली त्या दुपारी घरी कोण होतं? रत्नपाल एकटाच जेवायला आला होता.

घरी गेल्यावर तिनं सरळ विचारलं नाही. वडिलांना सांगितलं. गुरुजींनी रत्नपालला समोर बसवलं.

"खरं सांग. त्या दिवशी पिऊन आलतास का?"

"न्हाई अप्पा."

"मग पडला कसा?"

"मी हात बी लावलो न्हाई त्याला. जेवलो आन् गेलो."

"कंपनीवाले शिकलेले लोक हाईत, अण्णा," प्रेरणा भावाला म्हणाली. "ते कशाला खोटं बोलतील?"

रत्नपालनं तिच्याकडे पाहिलं. "आन् मी कशाला बोलीन?"

तेवढ्यात इंदिराबाई उठली. मुलाजवळ गेली, वाकली आणि तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. दीड वर्ष दारूला न शिवलेल्या, तिशी ओलांडलेल्या मुलाच्या तोंडाचा वास, बहिणीसमोर. रत्नपाल हलला नाही. तिचं झाल्यावर तो उठला आणि बाहेर जाऊन बसला. सकाळी जीपची किल्ली मालकाला देऊन तो पुण्याच्या गाडीत बसला.

मी टेबलावर होतो. त्या दुपारी तो माझ्या जवळूनही गेला नव्हता, हे त्या घरात मला एकट्याला माहीत होतं. आणि कंपनीनं मला परक्या डॉक्टरांचं बोलणं घराघरांत पोचवायला शिकवलं होतं, स्वतःचं एक वाक्य बोलायला शिकवलं नव्हतं.

प्रेरणाचं काम थांबलं. ऑफिसनं थोडी वाट पाहिली आणि तिच्या वाट्याचे डॉक्टर दुसऱ्या कुणाला दिले. शेवटी इंदिराबाईनं आपली बोरमाळ गहाण ठेवायला काढून दिली, तेव्हा माझी दुरुस्ती झाली.

मला परत न्यायला प्रेरणा गुलबर्ग्याला आली, तेव्हा बाकावर चनमल्लप्पा नावाचे एक प्राध्यापक बसले होते. त्यांच्या मांडीवर माझाच भाऊ, तोच काळा रंग, तीच डावी बाजू फुटलेली.

प्रेरणानं विचारलं, "तुमचाही पडला का, सर?"

"कुठला पडतोय, अक्का! टेबलावरून हलला नाही. उघडला आणि फुटला. हे म्हणतात, तुमच्या मुलानं पाडला असेल. मला मूलच नाही."

तेवढ्यात काउंटरवरच्या माणसानं मला काढायला मागचं कपाट उघडलं. आत खालपासून वरपर्यंत माझ्या जातीची झाकणं रचलेली होती. सगळी नवी कोरी, बदलायला तयार. दुसऱ्या कुठल्या भागाचा एवढा साठा नव्हता.

प्रेरणा कपाटाकडे बघत राहिली. "एवढे सगळे पडले व्हय?"

"लोक निष्काळजी असतात, मॅडम," तो म्हणाला आणि त्यानं कपाट लावून घेतलं.

बसस्टँडवर येऊन तिनं पुण्याला फोन लावला. मी तिच्या खांद्याला, पिशवीत होतो. "अण्णा, तू पाडला न्हाईस. कंपनीचंच खोटं हाय. मी डोळ्यांनी बघितलंय. अण्णा, घरी ये."

 पलीकडून रत्नपालचा जड आवाज आला.

"आज नको बोलूस, प्रेरणा. आज प्यायलोय. आज खरंच प्यायलोय."

ती बाकावर बसली. बीदरची बस आली आणि गेली. ती उठली नाही.

त्यानंतर तिनं बीदरच्या ग्राहक मंचात तक्रार केली. तारखा पडत गेल्या. दर तारखेला ती मला पिशवीत घालून न्यायची. मध्येच माझी मान पुन्हा तुटली, तीच बाजू. मोडक्या झाकणाच्या जागी त्यांनी तसलंच झाकण बसवलं होतं. कंपनीचा वकील तिला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "नवा लॅपटॉप देतो. वरचं मॉडेल. तक्रार तेवढी मागं घ्या. कंपनी सदिच्छा म्हणून देतेय, असं लिहून द्या."

"नवा नको मला," प्रेरणा म्हणाली. "ह्यो पडला न्हवता, एवढंच कंपनीनं लिहून द्यावं."

वकील हसला. "ते कसं लिहिता येईल? एकदा लिहिलं की सगळेच येतील."

एवढं एकच खरं वाक्य मी कंपनीच्या माणसाच्या तोंडून ऐकलं.

२०१२ मध्ये निकाल लागला. दुरुस्तीचा खर्च आणि वर थोडी भरपाई द्यावी, असा हुकूम झाला. बिघाड कशामुळे झाला, ते ठरवायची मंचाला गरज वाटली नाही. चेक आला. बोरमाळ सोडवून आणता आली. प्रेरणा तोवर तालुक्यातल्या एका कॉलेजात क्लार्क म्हणून लागली होती.

त्या हिवाळ्यात इंदिराबाई आजारी पडली, तेव्हा रत्नपाल आला. पुण्यात तो बांधकामावर सळई वाकवायचं काम करत होता. वाळला होता.  आईजवळ बसून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

मागून गुरुजी म्हणाले, "केस जिंकली पोरीनं. कंपनीनं पैसे दिले."

"काय म्हणली कंपनी?"

"काही म्हणली न्हाई."

"आन् तुमी, अप्पा?"

गुरुजींनी भिंतीला हात टेकला. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या त्या माणसाला शब्द सापडेना. खाटेवरून इंदिराबाई रडतरडत काही बोलायला गेली, त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"आमी चुकलो, बाबा," ते म्हणाले. "तुझं ऐकायला पायजे होतं."

रत्नपालनं मान डोलावली. सगळ्यांबरोबर बसून जेवला. प्रेरणानं वाढलेली दुसरी भाकरीही घेतली. पण आईला उतार पडल्यावर तो थांबला नाही. "तिकडं मुकादम वाट बघायलाय," म्हणाला. दारू सोडलीस का, हे या वेळी कुणी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपण घालवलाय, हे सगळ्यांना कळत होतं.

आता मी भंगारात जाईन. चार दिवस इकडं नाहीतर तिकडं. त्याचं मला वाईट वाटत नाही, वस्तू मोडायचीच. पण मला घडवणाऱ्यांनो, तुमचं चुकलं असेल तर चुकलं म्हणा. एका म्हाताऱ्या मास्तराला भिंतीचा आधार घ्यावा लागला, पण म्हणता आलं. तुमच्या तर एवढ्या मोठ्या इमारती आहेत.